सत्तरीत वाचवलेला पाय

मी मोहोळहून सोलापूरच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच सकाळी महादेवीबाईंनी माझ्या हातातला ड्रेसिंगचा ट्रे काढून घेतला. "आधी पेशंटचं नाव विचार. जखम कुटं पळून जात न्हाय," त्या म्हणाल्या. बाई आमच्या वॉर्डाच्या मुख्य परिचारिका होत्या. आज त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहिताना तेच शब्द आधी आठवतात.

मधुमेहाने चिघळलेले पाय धुण्याचे काम पुष्कळजण टाळत. बाई स्टुलावर बसून ते स्वतः धूत. अक्कलकोटकडच्या म्हाताऱ्यांशी कानडीत बोलत आणि तंबाखूची डबी दिसली की मराठीत रागवत. स्वतः मात्र रोज सकाळी भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावत. गौरवलेखात हे लिहावे का, असे मी त्यांनाच विचारले. "लिही की. बायकांना कळू दे," असे उत्तर आले.

सत्तराव्या वर्षी चार पावले चालताच त्यांच्या पोटरीत गोळे येऊ लागले. पुढे उजव्या पायाचा अंगठा काळा पडला. मांडीतली रक्तवाहिनी तुंबली होती. डॉक्टरांनी बाईंची मुलगी शैलजा आणि मला बाजूला घेतले. "शस्त्रक्रियेने पाय बहुधा वाचेल. पण या वयात पुढे किती वर्षे मिळतील, ते मी सांगू शकत नाही."

ते मला ठाऊक होते. पाय वाचून आमच्या वॉर्डातून चालत घरी गेलेले कितीतरी म्हातारे पुढे वर्ष-दोन वर्षांत हृदयविकाराने गेले होते. "ताई, करायचं का?" शैलजा दबक्या आवाजात मला विचारत होती.

आतून बाईंचीच हाक आली. "कुजबुज कशाला? वय माझं हाय, मला इचारा की! दोन वर्सं मिळाली तरी चालतील, पण ती माझ्या पायावर."

शस्त्रक्रिया झाली; तुंबलेल्या भागाला वळसा घालून दुसरी रक्तवाहिनी जोडली. दुसऱ्या दिवशी पाऊल माझ्या हाताला गार लागले. नव्या जोडणीत रक्ताची गुठळी झाली होती. बाईंना पुन्हा आत नेले. बाहेरच्या बाकावर शैलजाने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटे बधिर झाली. संध्याकाळी पाऊल कोमट झाले, तेव्हा आम्ही दोघी रडलो. बाईंची मिश्री त्या दिवसापासून सुटली.

याला पाच वर्षे झाली. बाई रोज चालतात, विणकरांच्या वस्तीत जाऊन बायकांना पायांची निगा शिकवतात. मी मात्र अजून धास्तावलेली असते. एकदा त्यांनी फोन उचलला नाही, म्हणून मी धावत घरी गेले. "अगं, अंगोळीला गेलते," म्हणाल्या.

परवा त्यांना वाकून नमस्कार केला, तेव्हा माझी दोन बोटे नकळत पावलावरची नाडी शोधू लागली.

"लागली का?"

"लागली, बाई."

"मग ऊठ की. भाकरी गार व्हायली."

माझी भीती गेलेली नाही. ती आणखी पुष्कळ वर्षे मला बाळगावी लागो आणि बाईंना निरामय दीर्घायुष्य लाभो, एवढेच मागते.