कोपीतलं वाचन

"बाई, ते बंद करा. अन् चहाचं बघा."

पालकसभा भरलेली. सतरंजीवर पोरं, मागं गावकरी, पुढं खुर्च्यांवर बीडहून आलेले पाहुणे. मधल्या खुर्चीत शाळा समितीचे अध्यक्ष, तात्या. टीव्हीवर तिसरीतली पारू धडा वाचत होती. आईबापासोबत ऊसतोडीला गेलेली पोर. उसाच्या हिरव्या वाढ्याच्या भाऱ्यावर बसलेली, मागं वाळल्या पाचटाची कोपी, तोडीवरची त्यांची झोपडी, कोपीच्या दारात बैल. आईनं मोबाइलवर घेतलेलं.

"पाव्हण्यांपुढं कोपी दाखवता व्हय?" तात्या म्हणाले. "गावाला इज्जत न्हाई का? पण बाईबी कोयत्याच्याच ना. कळवळा यायचाच."

लोक हसले. पाहुणेही हसले. मुख्याध्यापक चपलेकडं बघत राहिले.

मी टीव्ही बंद केला. कप ट्रेमध्ये लावले. पाहुण्यांपासून सुरुवात केली.

आमच्याकडं तोडीला निघालेल्या नवरा-बायकोला मिळून एक कोयता म्हणतात. माणसं दोन, मोजायचं हत्यार. मी त्या हत्याराची पोर. डी.एड. झाले, केस पिकले, तरी तीच.

लहानपणी मीही जायचे. परत यायचे तेव्हा वर्ग पुढं गेलेला. गुरुजी मागं बसवायचे. "हिला काय येतंय?" काय येतं ते दाखवायला माझ्याकडं काहीच नसायचं.

म्हणून मी प्रत्येक पोराचं फोल्डर सुरू केलं. चित्राचा फोटो, गणिताचं पान, वाचनाचा आवाज. नाव आणि तारीख टाकायची. शनिवारी टीव्हीवर लावायचं. काय ठेवायचं ते पोरानं ठरवायचं, बाईंनी नाही. पारूनं स्वतःचं जुनं, अडखळतं वाचन पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तोंडावर हात धरून हसली. म्हणाली, "बाई, हे पुसू नका. आता दुसरं घ्या." तेव्हापासून ती वाचते. कारखान्यावर गेली तरी पाठवते.

सभा उठली. तात्यांनी मला थांबवलं.

"त्या पोरीचं समदं काढून टाका. मोठे साहेब येणारेत शाळा बघायला. आमच्या नातवाचं लावा पहिलं."

"बघते," मी म्हणाले.

दमले होते. वाद घालायचीही ताकद नव्हती. एक बटण दाबायचं, तात्या बदली करवतील ही धास्ती संपली. असंच म्हणत कप विसळायला बसले आणि मोबाइल वाजला. पारूनं आवाज पाठवला होता. मागं ट्रॅक्टरची धडधड.

"बाई, माझं लावलं का? पाव्हणे काय म्हणले? आई इच्यारतीय. मी अजून एक धडा केलाय."

काय सांगणार होते? तुझं काढलं, पोरी. तू परत मागं बस.

मी उठले. तात्या फाटकापाशी पाहुण्यांना गाडीत बसवत होते. माझे हात ओलेच होते.

"तात्या, पारूचं निघणार न्हाई."

"काय म्हणलात?"

"ते तिचं हाय. काढायचं तर ती काढील. तुमच्या नातवाचंबी लागंल, त्याची पाळी आली की. अन् पुढच्या सभेला चहा समितीनं करावा. मी शिकवायला हाय."

या वेळी कुणी हसलं नाही.

"बदली कुठं टाकत्यात, ठावं हाय ना बाई?"

"ठावं हाय."

घरी आले. मोठं काही केलं असं वाटलं नाही. पाय दुखत होते, भाकरी थापायची होती. आधी पारूचं फोल्डर तिच्या आईच्या मोबाइलवर पाठवलं, सगळं. आता ते शाळेतून पुसलं तरी पुसलं जाणार नाही. मग बाकीच्या तोडवाल्या पोरांची घेतली, एकेक करून.

बदली आली तर जाईन. तिथंही कोयत्याची पोरं असतील. तोवर या टीव्हीचा रिमोट माझ्या हातात आहे. शनिवारी पहिलं वाचन पारूचं. साहेब येतील त्या दिवशीही तिचंच, कोपीसकट.

आणि मी ट्रे उचलणार नाही.