वजनकाट्याच्या खोलीत
सरकीचा वास आला की मला समुद्रपूरजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमधली वजनकाट्याची खोली आठवते. काट्याच्या कम्प्युटरवरचा प्रोग्राम माझाच होता, आणि तो रोज दुपारी हळू होत होत गोठायचा. तो दुरुस्त करायला मी सकाळीच गेलो होतो, कारण संध्याकाळी वडनेरला बहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. दुपारी स्क्रीन गोठलीच. रुई उडते म्हणून पंखा बंद, बाहेर कापसाच्या बैलबंड्यांची रांग, खिडकीच्या गजांना चिकटलेली माणसं. जिनिंगचे मालक दारातच खुर्ची टाकून बसले. "हे सुधरल्याबिगर तुमाले जाऊ नाई देत, भाऊ." मी प्रोग्राम पुन्हा सुरू केला आणि तो किती मेमरी खातो ते बघत बसलो. दर बंडीमागे आकडा वाढायचा, उतरायचा मात्र नाही. मग वजनं कम्प्युटरवरच घेऊन काही पावत्या मात्र मालकांना हातानं लिहायला लावल्या, तर आकडा जागचा हलला नाही. म्हणजे पावती छापायला घेतलेली मेमरी माझा प्रोग्राम परत सोडतच नव्हता. त्यासाठीची एक ओळ लिहायचीच राहिली होती. ती लिहून, काटा नीट चालतो हे मालकांना पटेपर्यंत शेवटची एसटी गेली. त्यांनीच मला मोटरसायकलवर वडनेरला सोडलं, तेव्हा मांडवात सतरंज्या गुंडाळणं चालू होतं. "काऊन रे दादा, आज तरी लवकर यायचं होतं ना," एवढंच बहीण म्हणाली आणि माझं ताट वाढायला आत गेली. साक्षगंधाच्या अल्बममध्ये मी कुठेच नाही. अजूनही तिच्या घरी गेलो की ती तो आवर्जून माझ्यासमोर उघडते.