दत्तरावकाकांचं नाव खाणारा अ‍ॅलोकेटर

सांगायचं नव्हतं, पण पोटात राहत नाही.

हिंगोलीतल्या एका डायलिसिस केंद्रात मी कॉम्प्युटर सांभाळते. कोणाचा नंबर कधी, कोणत्या मशीनवर, हे बाहेरच्या स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्राम माझाच. दुपार झाली की तो फुगायचा आणि अडकायचा. फोन वाजला तरी दचकणारी मी, माझं काय होत असेल?

प्रोग्रामला मेमरीत जागा लागते. मागितली की ती देणारा, परत केली की दुसऱ्याला देणारा जो कारभारी असतो, तो अ‍ॅलोकेटर. इंटरनेटवर एक सापडला. फुकट, कुठल्याही प्रोग्रामला चालणारा, आतलं सगळं कोणीही वाचावं असा उघडा. सोमवारी सकाळी, कोणालाही न विचारता, मी जुना काढून तो बसवला.

प्रोग्राम काय पळाला! मी निवांत चहासुद्धा घेतला.

अकराला पुसेगावचे दत्तरावकाका काउंटरशी आले. पाय सुजलेले, दर दोन शब्दांना श्वास घ्यायला थांबत होते. नंबर सकाळी नऊ वाजताचा. स्क्रीनवर त्यांच्या जागी दुसऱ्याच बाईंचं नाव, तेही दोनदा. सिस्टरनं स्क्रीन बघून त्यांना बसवून ठेवलेलं.

"काहून गं पोरी, माझं नाव कुठं गेलं?"

"काका, तो नवीन अ‍ॅलोकेटर खराब निघाला."

मशीन मिळालं दीडला. तोवर त्यांचा श्वास मोजत मी उभी. मग जुना अ‍ॅलोकेटर परत बसवला आणि नवा बनवणाऱ्यांना, सगळ्या जगाला दिसेल अशी तक्रार ठोकली: तुमच्यामुळे माणूस मरेल!

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, अगदी अदबीनं. तक्रारीला जोडलेला माझाच कोड उघडून पाहिला होता त्यांनी. एका ओळीत मी जागा परत करत होते आणि पुढच्याच ओळीत तिथलं नाव वाचत होते. जुना कारभारी आळशी, परत आलेली जागा तशीच पडू द्यायचा, म्हणून नाव सापडायचं. नव्यानं ती लगेच दुसऱ्याला दिली. चूक पहिल्या दिवसापासून माझी.

गुरुवारी काकांना मी सगळं सांगून टाकलं. मशीनवर डोळे मिटून पडलेले काका म्हणाले, "म्हंजे वावर सोडून दिलं, अन् कापूस वेचायला तिथंच गेलीस?"

"व्हय काका."

"अन् नव्या मालकाला चोर म्हणलीस."

शेजारच्या खाटा हसल्या. मला काही हसू आलं नाही.

हल्ली काका आले की आधी सिस्टरला विचारतात, "पोरगी सुट्टीवर हाय का आज?" हाय म्हटलं, तरच खुर्चीला पाठ टेकतात.