रिळाचे दोन मार्क

मेहकरच्या कॉलेजात मी ऑपरेटिंग सिस्टिम शिकवायचो आणि त्या अभ्यासक्रमाने माझं डोकं पिकवलं होतं. बाहेर शिवारभर बीटी कापूस, वर्गात मात्र खोलीएवढे जुने मेनफ्रेम संगणक, जे मीही कधी पाहिले नव्हते. हजारदा सांगून झालं की संगणक झपाट्याने काम उरकतो, छपाई मात्र रेंगाळते. म्हणून छापायचं ते आधी डिस्कवर साठवायचं आणि संगणकाने पुढच्या कामाला लागायचं. यालाच म्हणतात स्पूलिंग. व्याख्या पुस्तकातल्यासारखी जशीच्या तशी लिहा, एवढंच माझं मागणं. पण पालथ्या घड्यावर पाणी!

चाचणीत साखरखेर्ड्याच्या एका मुलीने डिस्कचं नावही न घेता चक्क दोऱ्याच्या रिळाचं चित्र काढलं. खाली लिहिलं, 'स्पूल म्हणजे रीळ. काम आधी रिळावर गुंडाळून ठेवायचं, मग सावकाश सोडवायचं.' तिची आई शिवणकाम करायची. मी भडकलो. दोन मार्कांच्या त्या प्रश्नाला भोपळा दिला आणि भर वर्गात म्हणालो, "इथं शिवणक्लास चाललाय का?" सगळे हसले. मीही हसलो. नेमक्या दोन मार्कांनी तिचा विषय राहिला. पदविका पुरी झाली की कापसाच्या जिनिंग मिलच्या वजनकाट्यावर संगणक चालवायची नोकरी तिला मिळणार होती. ती नोकरी हातची गेली.

मे महिन्यात लायब्ररी आवरताना एक जुनं पुस्तक हाती लागलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की सुरुवातीच्या मेनफ्रेमला डिस्क नव्हत्याच. कामं चुंबकीय फितीच्या रिळावर उतरवून ठेवत आणि तीच रिळं मग छपाईला नेत. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती. तसाच उठून ऑफिसात गेलो, भांडलो. मार्कांची यादी केव्हाच वर गेली होती.

जूनमध्ये ती बियाण्याच्या दुकानासमोर दिसली. बीटीच्या दोन पिशव्यांसाठी सकाळपासून रांगेत होती. मी घाईघाईने सगळं सांगून टाकलं. तुझं बरोबर होतं, चूक माझी.

"मंग मार्क भेटतीन का, सर?"

"नाही गं. आता काही होत नाही."

ती रांगेबरोबर एक पाऊल पुढे सरकली.

"मले तं माहीतच होतं, सर. वर्गात जे हसले, त्याईले सांगा."