साडूंचं शून्याशी वाकडं

जगात मळक्या कागदाइतकं खरं बोलणारं दुसरं काही नाही, असं मानणारा माणूस तुमच्या पाहण्यात नसेल. मला तो साडू म्हणून मिळाला आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मूल गावच्या आरोग्य कार्यालयात नोकरीला होते. गावोगावच्या उपकेंद्रांतून ताप, लसी, बाळंतपणं यांचे जे आकडे येतात, ते खरे की बसल्या जागी लिहिलेले, हे तपासण्यासाठी सरकार त्यांना पगार देत असे. घरी मात्र तेच काम ते फुकट करत.

रजिस्टर हाती आलं की ते आधी नाकाला लावत. पानावर हळदीचा डाग, पावसानं फुगलेल्या कडा, मध्येच बदललेलं पेन असं काही दिसलं की स्वारी खूश. एका शाईत, एका बैठकीत उतरवलेलं रजिस्टर असेल तर "हे तं लग्नपत्रिका हाय" म्हणून परत करत. लसींच्या फ्रीजचं तापमान महिनाभर सारखंच लिहिलेलं पाहून त्यांनी एका कर्मचाऱ्याला विचारलं होतं, "वादळात गावची लाइट गेली, थे या फ्रीजले कोनं सांगतलं नाई काय?" आमच्याकडे अवेळी आले की बायको घाईघाईनं सांगे, "आमचं जेवण झालं, भाऊजी." हे पाणी प्यायच्या निमित्तानं मोरीत डोकावून येत आणि म्हणत, "ताटं तं कोरडीच दिसून राह्यली." मग त्यांचं पान मांडावं लागे. माझ्या मुलीला ताप आला, तेव्हा पहिल्या थर्मामीटरवर भरवसा नाही म्हणून त्यांनी दुसरा आणवला, त्याच्यावर नाही म्हणून तिसरा. तोवर ताप उतरला. तिन्ही बिघडलेले आहेत, असा शेरा मारून ते गेले.

पण त्यांचं खरं वैर होतं ते शून्याशी. "शून्य म्हंजे पायलं आन् काई सापडलं नाई. रिकामं म्हंजे पायलंच नाई. हे दोन एक करनाऱ्याले मी सोडत नाई," असं ते तेराव्याच्या पंगतीतही ऐकवत.

एका वर्षी जंगलातल्या एका गावातून उन्हाळ्यात आठवड्यामागून आठवडे तापाचे रुग्ण शून्य आले. मोठे साहेब आनंदले. 'तापमुक्त गाव' असा बॅनर छापून झाला, हारांची ऑर्डर गेली, फक्त आकडे तपासल्याची सही साडूंची हवी होती. ते सही करेनात, आधी गाव डोळ्यांनी पाहीन म्हणाले. साहेबांनी गोड शब्दांत सांगितलं की सिरोंच्याला एक जागा रिकामी आहे. मेव्हणी घाबरली, घर मूलला, तिची शाळेतली नोकरी मूलला आणि हा गृहस्थ शून्यापायी जिल्ह्याच्या पार निघालेला! "तुम्ही तरी सोबत जा," म्हणून तिनं मला त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसवलं.

त्या गावात पोचलो तर घराघराला बाहेरून कडी. एक म्हातारं कुत्रं तेवढं हजर होतं. उपकेंद्राच्या सिस्टरबाई रडकुंडीला आल्या होत्या. "मोहाची फुलं येचाचे दिवस हायेत, भाऊ. सारं गाव लेकराबाळांसंग जंगलात, झाडाखालीच मुक्काम. मी घरोघरी फिरतो, कोनी भेटतच नाई. कॉम्प्युटर रिकामा रकाना घेत नाई. शून्य टाकलं तं पुढं जाते, मी करू काय?"

साडू त्यांच्यावर ओरडतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर हाय. गावात ताप नाई. गावात मानूसच नाई, तं ताप कोनाले येईन? चाला जंगलात."

मोहाच्या झाडांखाली टोपल्या होत्या, चुली होत्या आणि गोधड्या पांघरून भर उन्हात कुडकुडणारी माणसंही होती. सिस्टरबाई बोटाला सुई टोचून रक्त घेत, गोळ्या देत आणि साडू नावं लिहीत. घामानं कागद लिबलिबीत झाला, त्यावर मोहफुलाचा डागही पडला. इतका समाधानी माणूस मी लग्नाच्या मांडवातही पाहिलेला नाही.

बॅनर गुंडाळला गेला. 'अनुभवी कर्मचाऱ्याची नितांत गरज' असल्यामुळे साडूंना सिरोंच्याला पाठवण्यात आलं. साहेबांनी निरोपाचं भाषण छान केलं, हारही तेच वापरले.

तिकडून दर रविवारी फोन येई. "कसे आहात?" म्हटलं की ठरलेलं उत्तर, "मस्त. काई तरास नाई." मेव्हणीलाही तेच. पावसाळा सरत आला तेव्हा एकदा फोन ठेवता ठेवता माझी बायको म्हणाली, "अहो, इतके महिने त्या माणसाची एकही तक्रार नाही?"

मी दुसऱ्याच दिवशी सिरोंच्याची बस धरली.

भाड्याच्या खोलीत ते दोन चादरी पांघरून पडले होते. गालफडं बसलेली. मला पाहून दचकले. "काऊन आले? मी तं सब ठीक सांगतलं होतं."

"म्हणूनच आलो. रक्त तपासलं का?"

जन्मभर दुसऱ्यांचं तपासत आलेल्या त्या माणसानं चोरी पकडल्यासारखी मान खाली घातली. "नाई तपासलं."

मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त माया आली. उठा म्हणालो. त्यांनी चादरीतून हात बाहेर काढला, मी तो धरला. चांगलाच तापलेला होता. माझा हात त्यांनी दवाखान्याच्या दारापर्यंत सोडला नाही.