भोंगाकाकांचं ‘येतो’

भोंगाकाकांचा पगार हवाई दलातून यायचा आणि काम होतं आकाशाशी बोलायचं. वर एखादा अनोळखी दिवा दिसला, तो विमान नाही, फुगा नाही, ताराही नाही अशी रडारवाल्यांची खात्री पटली, की काकांना माइकपुढे बसवत. पूर्वी ते बसस्थानकावर गाड्यांच्या वेळा पुकारायचे. एक साहेब त्यांचा आवाज ऐकत उभे राहिले, स्वतःची गाडी चुकवून बसले आणि काकांनाच या खात्यात घेऊन आले.

खोली लहान, भिंतींना जाड कापड, काचेपलीकडे कानाला हेडफोन लावलेले गुप्तवार्तावाले साहेब. काका म्हणायचे, “नमस्कार. आमच्याकडून तुम्हाला भीती नाही. ऐकू येत असेल तर दिवा एकदा विझवून पुन्हा लावा.” थांबायचे आणि पुन्हा म्हणायचे. वर्षानुवर्षं पालथ्या घड्यावर पाणी! पण काकांचा सूर कधी चढला नाही. न येणाऱ्या गाडीबद्दल गोड बोलायची सवय त्यांना आधीपासूनच होती.

घरी मात्र ते मूग गिळून बसत. सांगण्यासारखं होतं ते गुपित, आणि उरलेलं बोलायला काकू समर्थ होत्या. काकूंच्या तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की दिवे मालवेपर्यंत थांबत नसे.

“ऑफिसात एवढं काय बोलता हो, की घरी शब्द उरत नाही?”

“हवापाण्याचं,” काका म्हणत. तसं ते खोटंही नव्हतं.

एका संध्याकाळी असाच एक दिवा धावपट्टीच्या वर बराच वेळ थांबला. साहेबांनी ‘आता पुरे’ अशी खूण केली, आणि काका सवयीने बोलून गेले, “बरं, येतो.” त्याच क्षणी दिवा दिसेनासा झाला.

साहेब काचेआडून धावत आले. “येतो? अहो, त्यांनी काय समजायचं? आपण विमानं घेऊन वर येतोय? चक्क धमकी दिलीत तुम्ही!”

“साहेब, निरोप घेताना ‘जातो’ कसं म्हणायचं?”

“त्यांना काय कळतंय! यापुढे ‘जातो’च म्हणायचं.”

काकांनी प्रयत्न केला, पण तो शब्द जिभेवर येईना. शेवटी निरोप न घेताच माइक बंद करायचं ठरलं. कुणाच्या घरून न सांगता उठून आल्यासारखं काकांना रोज वाटे.

मग काकूंच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनच्या खोलीत नेताना काकू म्हणाल्या, “येते हं.” त्या आल्या, गाठही साधी निघाली, पण आवाज आतच राहिला. डॉक्टर म्हणाले, “परत येईल किंवा नाहीही येणार. धीर धरा.” घरी आल्यावर काकूंनी भिंतीकडे तोंड केलं. खुणाही करेनात. ज्या बडबडीला आपण आयुष्यभर हूं हूं करत आलो, तिच्यावाचून आपल्याला जेवण जात नाही, हे काकांना तेव्हा कळलं. ते न्हाणीघरात जाऊन रडले.

आणि मग त्यांनी बोलायला सुरुवात केली. उत्तर न देणाऱ्याशी बोलण्यात त्यांचा हात कोण धरणार? शेजाऱ्यांची भांडणं, भाजीचे भाव, बसस्थानकावरच्या जुन्या गमती, सगळं सांगून झालं. भिंतीकडचं तोंड काही वळेना. एका संध्याकाळी त्यांनी खिडकी लावली, खाटेजवळ खुर्ची ओढली आणि सगळं गुपित सांगून टाकलं.

“आता तुला सांगायला हरकत नाही. तू कुणाला सांगणार?”

काकूंचे खांदे हलले. रडतेय की हसतेय, ते काकांना कळेना. घाबरून त्यांच्या तोंडून पाठ असलेलंच वाक्य निघालं, “ऐकू येत असेल तर दिवा एकदा विझवून पुन्हा लाव.”

काकूंनी हात लांब करून उशाजवळचा दिवा विझवला. पुन्हा लावला. हसतच होत्या त्या. काकांना मात्र हुंदका आवरेना.

काकूंसाठी घेतलेली रजा संपली. काकांनी दाराशी बूट घातले आणि म्हणाले, “येतो.” पूर्वी यावर आतून ‘या’ यायचं, आणि पाठोपाठ आणायच्या वस्तूंची यादी. आता काही येणार नाही, हे ठाऊक असूनही ते क्षणभर थांबले. थांबायचीही त्यांना सवयच होती.

“या,” आतून आलं. घोगरं, फाटकं, जेमतेम ऐकू येईलसं.

काकांनी बूट काढले आणि परत आत गेले.

त्या दिवशी ऑफिसला पोचायला दुपार झाली. साहेब कातावलेच होते. “इतका उशीर?”

“उत्तर आलं, साहेब.”

साहेब ताडकन उठले, हेडफोन खाली पडला. “कुठून?”

“घरून,” काका म्हणाले, आणि माइकपुढे जाऊन बसले.