दोन दिवसांसाठी काढलेलं कार्ड

मी तेव्हा डिचोलीत डिजिटल बोर्ड बसवणाऱ्या एका लहानशा कंपनीत कामाला होतो. कंपनी म्हणजे मालक, ऑफिसात बसणारी एक बाई आणि मी. घर पेडण्यात, हरमलच्या अलीकडे. मोटारसायकलने रोजची ये-जा. देवळाबाहेर आरतीच्या वेळा दाखवणारे, दवाखान्यात पेशंटचा नंबर दाखवणारे, हॉटेलाच्या दारात आजची मासळी सांगणारे असे सगळे बोर्ड मी चढवायचो आणि बिघडले की उतरवायचो.

त्यांतला एकच बोर्ड वेगळा होता. तो वेगळा आहे हे मला कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. कळत होतं.

पाळीहून सुर्ल्याकडे जाताना एका वळणावर तो होता. खाण पुन्हा सुरू झाली आणि खनिजाचे ट्रक त्या उतारावरून परत धावायला लागले. वळण असं की वरून येणारा ट्रक खालच्या माणसाला दिसतच नाही. म्हणून वाहतुकीच्या कंत्राटदाराने आमच्याकडून बोर्ड बसवून घेतला. उताराच्या माथ्यावर एका खांबाला सेन्सर, खाली वळणावर बोर्ड. ट्रक उताराला लागला की बोर्डावर तांबडी अक्षरं पेटायची: ‘थांबा, ट्रक येत आहे’.

बोर्डासमोरच एका निवृत्त माणसाचं घर होतं. प्राथमिक शाळेत शिपाई होते, तीस-एक वर्षं घंटा वाजवली. मी त्यांना काका म्हणायचो. तो बोर्ड त्यांनी स्वतःचाच मानला होता. बांबूला ओलं फडकं बांधून त्यावरची तांबडी धूळ रोज पुसायचे. कधी बंद पडला तर कंत्राटदाराच्या आधी त्यांचाच फोन मला यायचा. मी गेलो की काकी कपात चहा आणून द्यायच्या आणि काका शिडी धरून खाली उभे राहायचे.

त्या हिवाळ्यात पणजीजवळच्या एका मोठ्या हॉलात बोर्डवाल्यांचं प्रदर्शन भरलं. मालकांनी स्टॉल घेतला होता. पण आमच्या बोर्डाला मेंदूसारखं जे एक कार्ड लागतं, ते दाखवण्यासाठी मुंबईहून यायचं होतं, ते आलंच नाही. आदल्या दिवशी मालक म्हणाले, “वळणावरचं काढून आण.”

“तो बोर्ड बंद पडेल,” मी म्हटलं.

“दोन दिवस तर आहेत. बोर्ड नव्हता तेव्हा लोक रस्त्याने चालत नव्हते काय रे?”

प्रदर्शनातले नवे डिजिटल पडदे बघायची मलाही हौस होती. दुपारी जाऊन शिडी लावली. काका आले, नेहमीसारखी शिडी धरली. बोर्ड काळा पडलेला बघून त्यांचा चेहरा उतरला.

“कधी हाडतलो परत?”

“दोन दिसांनी.”

“मगे तवसर? सकाळी शाळेची भुरगीं येतात हंयच्यान.”

मी कार्ड पिशवीत भरत होतो. घाईत होतो. हसत म्हटलं, “तवसर तुमीच उबे रावा, काका. तांबडो बावटो घेवन.”

तेही हसले. मी निघालो. ‘बोर्ड बंद आहे’ एवढं पुठ्ठ्यावर लिहून टांगायला पाच मिनिटं लागली असती. तेही मी केलं नाही.

प्रदर्शन मात्र डोळे दिपवणारं होतं. काचेला चिकटवायचा पारदर्शक पडदा होता. बंद असला की नुसती काच, चालू केला की त्यात मासे पोहताना दिसायचे. एका स्टॉलवर पडद्याला कॅमेरा होता, समोर येणाऱ्याचं वय ओळखून तो जाहिरात बदलायचा. मला त्याने माझ्या वयाहून आठ वर्षं म्हातारा ठरवलं आणि गुडघ्याच्या तेलाची बाटली दाखवली. सगळे हसले, मीही हसलो.

आमच्या स्टॉलवर मालकांनी बोर्ड आणि सेन्सर समोरासमोर मांडले होते. दाखवायला ट्रक नव्हता, म्हणून मी. कुणी गिऱ्हाईक आलं की मालक खूण करायचे, मी सेन्सरसमोरून चालत जायचो आणि बोर्ड पेटायचा: ‘थांबा, ट्रक येत आहे’. दोन दिवसांत किती फेऱ्या मारल्या असतील कोण जाणे. लोक मान डोलवायचे, फोटो काढायचे.

दुसऱ्या दिवशी हॉल उघडून थोडाच वेळ झाला होता. कुठल्याशा पंचायतीची मंडळी समोर उभी होती आणि मालक रंगात येऊन बोलत होते. माझा फोन वाजला. काकांचा नंबर. बोर्ड कधी आणतोस म्हणून विचारत असतील, असं समजून मी फोन कापला. पुन्हा वाजला. पुन्हा कापला आणि सेन्सरसमोरून चालत गेलो. तिसऱ्यांदा बाजूला होऊन उचलला, तर आवाज दुसऱ्याच माणसाचा. काकांचा शेजारी बोलत होता. या फोनवर शेवटचा नंबर तुझाच होता, म्हणाला. काका गेले.

काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. पहिल्या सकाळी काका काठीला तांबडं फडकं बांधून वळणावर उभे राहिले. ट्रक येताना दिसला की काठी आडवी धरायचे, मुलांना थांबवायचे. तो दिवस नीट गेला. दुसऱ्या सकाळी दाट धुकं होतं. खालून एक स्कूटर वर आली, तिला चुकवायला ट्रकवाल्याने स्टिअरिंग कडेला घेतलं. कडेला काका होते. मुलं त्यांच्या मागे, घराच्या पायरीवर उभी होती. त्यांना काही झालं नाही.

मी मालकांना सांगितलं. त्यांनी बोर्डाची वायर स्वतःच उपटून कार्ड माझ्या हातात दिलं. “जा. आत्ताच्या आत्ता बसव. कोणी विचारलं तर देखभालीला काढलं होतं म्हण.”

मी वळणावर पोचलो तेव्हा रस्त्यावर माती टाकलेली होती. शिडी धरायला कुणी नव्हतं. ती खांबाला दोरीने बांधून चढलो. कार्ड बसवलं. वरून ट्रक आला आणि अक्षरं पेटली. पोलीस तिथेच होते. एकाने विचारलं, “सकाळी हा चालू होता काय?”

“देखभालीसाठी काढला होता,” मी म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली.

त्यानंतरचे दिवस मी कामावर जात होतो, जेवत होतो, पण जेवलेलं अंगी लागत नव्हतं. बायकोने विचारलं, तिलाही सांगितलं नाही. बारावं झाल्यावर काकींकडे गेलो. त्या ओट्यावर बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: कार्ड कशासाठी नेलं, मी काय चेष्टा केली, फोन कापला, पोलिसांना काय बोललो.

काकी म्हणाल्या, “त्या दिसा घरांत येवन म्हणाले, बोर्डवाल्यान म्हाका उबो रावूंक सांगलां. मी म्हटलें, चेष्टेन सांगलां आसतलें. तर म्हणाले, चेष्टा कसली? भुरगीं येतात ना!”

मला रडू यायला लागलं. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या.

“म्हाका सांगून कितें करूं मी? जंय सांगूंक जाय, थंय सांग.”

दुसऱ्या दिवशी मी पोलिसांकडे जाऊन नवा जबाब दिला. देखभाल नव्हती, प्रदर्शनासाठी काढलं होतं, कुणी काढायला सांगितलं, कुणी काढलं, सगळं. अंमलदाराने वाचून दाखवलं, मी सही केली. संध्याकाळी मालकांचा फोन आला: उद्यापासून येऊ नकोस. शिवी दिली नाही. आवाज थकलेला होता. प्रदर्शनातल्या त्या पंचायतीने त्यांच्याकडून बोर्ड घेतले, असं पुढे ऐकलं. ट्रकवाल्यावरचा खटला अजून चालू आहे. एकदा मलाही बोलावणं आलं, पण त्या दिवशी पुढची तारीख पडली आणि मी परत आलो.

आता मी हरमलात पर्यटकांच्या खोल्यांतले टीव्ही आणि कॅमेरे दुरुस्त करतो.

जबाब दिल्याचं सांगायला मी काकींकडे पुन्हा एकदा गेलो होतो. रस्त्याकडचं जनेल, बोर्डासमोरची ती खिडकी, त्यांनी चिरे लावून बंद करून घेतलं होतं, गिलावा अजून ओला होता. घरात दिवसाही दिवा लावावा लागत होता. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. मी सांगितलं.

“बरें,” त्या म्हणाल्या.

बस म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. मी थोडा वेळ दारात उभा राहिलो. त्यांनी खडे बाजूला काढले, सूप घोळवलं, पुन्हा निवडायला घेतलं. मग मी निघालो.